गुप्तवार्तेतली नोकरी: सरकारी की करारावरची?

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यातल्या निर्णयाला मुदत आहे आणि ती फार लांब नाही.

प्रश्न : मी राजारामपुरीची. कोल्हापुरातच संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि गेली चार वर्षे पुण्यात हिंजवडीला एका खासगी कंपनीत ‘थ्रेट इंटेलिजन्स’चे काम करते. वर्षाला १४ लाखांचे पॅकेज आहे. गेल्या वर्षी इंटेलिजन्स ब्युरोच्या एसीआयओ (सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी) पदासाठी अर्ज केला होता, मुलाखत झाली आणि आता निवड यादीत नाव आले आहे. त्याच सुमारास दिल्लीच्या एका कंपनीने एका सरकारी सायबर केंद्रात विश्लेषक म्हणून बसण्यासाठी एक वर्षाचा, पुढे वाढवता येईल असा करार देऊ केला आहे. दरमहा दीड लाख रुपये. माझे वय २६ वर्षे ४ महिने असून मी खुल्या प्रवर्गातली आहे. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत, ते म्हणतात की सरकारी ते सरकारी. भाऊ म्हणतो, दिल्लीचा करार म्हणजे सरकारी कामही आणि खासगी पगारही. आईला वेगळीच काळजी आहे, की मुलाकडच्या मंडळींना मुलगी काय करते म्हणून सांगायचे? मी काय करावे?

उत्तर : तुमच्यापुढे दोन नव्हे, तीन नोकऱ्या आहेत, आणि तिन्हींच्या नावात ‘इंटेलिजन्स’ हा एकच शब्द असल्यामुळे घरात घोळ झालेला दिसतो. तुमची पुण्याची कंपनी बँका, विमा कंपन्या, कारखाने यांच्यासाठी काम करते. कुणाच्या ग्राहकांची माहिती डार्क वेबवर, म्हणजे इंटरनेटच्या लपलेल्या भागात, विकायला आली आहे, बँकेच्या नावाचे कोणते बनावट ॲप फिरते आहे, कोणती टोळी कोणत्या फटीतून शिरते, हे शोधून अहवाल द्यायचा. काम चांगले आहे आणि त्याला मागणीही आहे, पण त्याला राज्याचा अधिकार चिकटलेला नाही. दुसऱ्याच्या संगणकातली माहिती अडवून पाहण्याची मुभा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९ खाली केंद्र सरकारने २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने मोजून दहा यंत्रणांना दिली, आणि त्यात एकही खासगी नाव नाही. ज्या कृतीला तिथे सक्षम अधिकाऱ्याची लेखी मंजुरी लागते, तीच कृती तुम्ही हिंजवडीच्या टेबलावरून केलीत तर तो गुन्हा ठरतो.

एसीआयओचे काम याहून इतके वेगळे आहे, की तुम्ही परीक्षा देताना याची किती चौकशी केली होती अशी मला शंका येते. आपल्याकडे पोलीस ठाण्यात एक ‘गोपनीय’चा अंमलदार असतो. मोर्चा निघायच्या आधी तो तालमीत डोकावून जातो, बिंदू चौकात चहा पिताना दिसतो, फारसे काही विचारत नाही आणि ऐकतो मात्र बरेच. इंटेलिजन्स ब्युरो ही १८८७ पासून चालत आलेली केंद्राची यंत्रणा आहे आणि एसीआयओचा आवाका त्या अंमलदाराहून पुष्कळ मोठा आहे. तरीही कामाची जातकुळी त्याच्याच जवळची. माणसे जोडणे, ऐकलेले तपासून घेणे, त्यातले खरे किती नि वावडी किती हे ठरवणे आणि ते दोन पानांत नेमके लिहून वर पाठवणे. बदली देशात कुठेही होते. संगणकाशी संबंधित पदांसाठी ब्युरोची वेगळी तांत्रिक भरती असते आणि त्यासाठी अभियांत्रिकीच्या ‘गेट’ परीक्षेचे गुण पाहिले जातात. तुमची निवड त्या शाखेतली नाही. चार वर्षांत हाताला बसलेली साधने तिथे गंजण्याची शक्यता मी लपवणार नाही.

आता वयाचे. या पदासाठी अर्जाच्या शेवटच्या तारखेला वय १८ ते २७ असावे लागते. इतर मागासवर्गाला तीन आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत आहे. खुल्या प्रवर्गातल्या अविवाहित मुलीला तशी सवलत नाही. म्हणजे आज नकार दिलात, तर पुढची जाहिरात तुमच्या वाढदिवसाच्या आत येईल या भरवशावर राहावे लागेल, आणि आली तरी एका तासात शंभर प्रश्न सोडवण्यापासून पुन्हा सुरुवात. खासगी क्षेत्राचे दार तिशीत, पस्तिशीत, अगदी पन्नाशीतही उघडे असते. ब्युरोतून बाहेर पडलेल्या माणसाला बँकांच्या आणि मोठ्या उद्योगांच्या सुरक्षा विभागांत मागणी असते, हे कुणाच्याही कानावर असेल. उलट दिशेने, म्हणजे दहा वर्षे कंपनीत काढून मग ब्युरोत जावे, असा रस्ता आपल्या पद्धतीत जवळजवळ नाहीच. एका बाजूनेच उघडणाऱ्या दारासमोर तुम्ही उभ्या आहात, एवढे ध्यानात ठेवून मग पगाराची बेरीज करा.

ती बेरीज अशी. पद वेतनस्तर ७ चे आहे, म्हणजे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू. त्यावर ब्युरोच्या कर्मचाऱ्यांना मूळ वेतनाच्या २० टक्के विशेष सुरक्षा भत्ता, म्हणजे सुरुवातीला ८,९८० रुपये. त्याशिवाय महागाई भत्ता आणि नेमणुकीच्या शहराप्रमाणे घरभाडे भत्ता आहे, आणि सुटीच्या दिवशी केलेल्या कामाचा मोबदला वर्षाला ३० दिवसांच्या मर्यादेत रोख मिळतो. हे सगळे धरूनही आजच्या तुमच्या पगाराला ते गाठत नाही आणि दीड लाखांच्या आसपासही जात नाही. निवृत्तीचे म्हणाल, तर १ एप्रिल २०२५ पासून केंद्रात एकीकृत निवृत्तिवेतन योजनेचा पर्याय आहे: २५ वर्षे सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम, आणि निदान दहा वर्षे झाली तर दरमहा किमान १०,००० रुपये. मधेच राजीनामा देणाऱ्याला मात्र ही हमी मिळत नाही. ‘पाच-सात वर्षे काढू, नाव कमावू, मग बाहेर पडू’ असा बेत असेल, तर पेन्शन हिशेबातून वजा करूनच तो करावा. वडिलांच्या मनातले ‘सरकारी ते सरकारी’ हे जुन्या पेन्शनच्या काळातले आहे आणि केंद्रात ती १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांसाठी बंद झाली.

दिल्लीच्या कराराबद्दल भावाचा गैरसमज सर्वांत मोठा आहे, म्हणून इथे थोडे रेंगाळतो. मी एका केंद्रीय कार्यालयाच्या आस्थापना विभागात नोकरीचे आयुष्य काढले आणि शेकडो लोकांची सेवापुस्तके, म्हणजे नोकरीच्या अधिकृत नोंदवह्या, माझ्या हाताने भरली. करारावर बसणाऱ्याला सेवापुस्तकच नसते. माझा एक जुना विद्यार्थी अशाच करारावर दिल्लीत एका कार्यालयात होता. त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राची फीत नियमित कर्मचाऱ्यांपेक्षा वेगळ्या रंगाची होती. एकदा तीन रात्री जागून त्याने एका बनावट संकेतस्थळांच्या साखळीवर अहवाल तयार केला. बैठकीत तो वाचायला घेतला, तेव्हा कुणीतरी सौजन्याने म्हणाले, “कंत्राटी स्टाफने बाहेर थांबावे.” तो चाळीस मिनिटे चहाच्या यंत्रापाशी उभा राहिला. आत त्याचाच अहवाल चालला होता आणि एका आकड्याबद्दल शंका निघाली, तेव्हा दार किलकिले करून त्याला तो आकडा विचारण्यात आला. पुढे कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे गेले. शुक्रवारी तो एका कंपनीचा होता, सोमवारी त्याच खुर्चीवर दुसऱ्या कंपनीचा झाला. शिल्लक अकरा रजा गेल्या आणि आधीची अडीच वर्षे शून्य धरली गेली. यात त्या कार्यालयातल्या कुणाची दुष्टबुद्धी नव्हती. व्यवस्थाच तशी बांधलेली आहे.

कंत्राटी भरतीची चीड आपल्या राज्याने जवळून पाहिली आहे. खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा सप्टेंबर २०२३ मधला शासन निर्णय विरोधामुळे महिना-दीड महिन्यातच रद्द करावा लागला. तेव्हाची चर्चा मुख्यतः नोकरीच्या शाश्वतीची होती. गुप्ततेच्या कामात शाश्वतीच्या जोडीला आणखी एक गोष्ट येते आणि करारावर सही करणारे बहुतेक लोक ती वाचत नाहीत. १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम फक्त सरकारी नोकरांना लागू होतो, असा समज सर्रास आहे. त्याच्या कलम ५ मध्ये सरकारशी करार केलेली व्यक्ती आणि तशा कंत्राटदाराच्या हाताखाली काम करणारी व्यक्ती, दोघांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे त्या केंद्रात जे तुमच्या डोळ्यांखालून जाईल, त्याचे ओझे तुमच्यावर नियमित अधिकाऱ्याइतकेच. करार संपल्यावरही ते उतरत नाही. ओझे सारखे आणि पाठीशी उभे राहणारे मात्र वेगळे, हा या दोन खुर्च्यांमधला मला दिसणारा खरा फरक आहे. पगाराचा फरक त्यापुढे किरकोळ आहे.

चूक झाली तर काय होते, हे पाहिले की तो फरक उघडा पडतो. नियमित कर्मचाऱ्याला आरोपपत्र मिळते, चौकशी होते, आणि अन्याय झाला असे वाटले तर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, तिथून पुढे उच्च न्यायालय आहे. करारावरच्या माणसाला एक महिन्याची, कधी त्याहून कमी मुदतीची सूचना मिळते. भांडायचे तर करारातल्या लवादाच्या कलमाप्रमाणे, आणि लवादाचे ठिकाण बहुधा दिल्ली. तिथे वकील लावून उभे राहण्याचा खर्च कोल्हापुरातल्या किती घरांना पेलेल?

सरकारी बाजूचे चित्रही मी गुळगुळीत करून दाखवत नाही. राज्याच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव चौकशी करणे इष्ट नाही, अशी राष्ट्रपतींची खात्री झाली, तर संविधानाच्या अनुच्छेद ३११ मधला चौकशीचा हक्क सरकारी नोकरालाही मिळत नाही, आणि गुप्तवार्ता यंत्रणांत या तरतुदीची छाया इतर खात्यांपेक्षा जास्त जवळ असते. १९८५ च्या स्वतंत्र अधिनियमाने या यंत्रणांतल्या कर्मचाऱ्यांच्या संघटना करण्याच्या आणि वृत्तपत्रांशी बोलण्याच्या हक्कावर बंधने घातली आहेत. निवृत्तीनंतर आपल्या संस्थेच्या कामाबद्दल काही छापायचे झाले, तर आधी परवानगी लागते आणि २०२१ मध्ये हा नियम आणखी कडक झाला. तुमच्या पिढीला याहून जास्त बोचेल ती गोष्ट साधी आहे: वीस वर्षांचे काम एका ओळीतही मांडता येत नाही. आज तुम्ही परिषदेत निबंध वाचता, एखादी त्रुटी शोधली की नाव छापून येते. तिथे सर्वांत चांगले काम म्हणजे जे झाले, हे कुणाला कळलेच नाही. ज्याला शाबासकी ऐकायची सवय आहे, त्याने स्वतःला हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा.

माझे मत असे की दिल्लीच्या कराराला नकार द्या आणि त्यावर पुन्हा विचार करू नका. घ्यायचाच असेल, तर तुम्ही ‘सल्लागार’ आहात की ‘निश्चित मुदतीच्या कर्मचारी’ आहात, हे आधी लेखी विचारा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे निश्चित मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. सल्लागाराला ती नाही आणि भविष्य निर्वाह निधीही नाही. दीड लाखातून व्यावसायिक मानधन म्हणून १० टक्के कर आधीच कापला गेला, तर हातात १ लाख ३५ हजार येतील. त्यातून दिल्लीचे घरभाडे, स्वतःचा आरोग्य विमा आणि दोन करारांमधल्या रिकाम्या महिन्यांची तजवीज करायची, म्हणजे तुमच्या आजच्या १४ लाखांपेक्षा फार काही उरत नाही.

राहिली पुण्याची नोकरी आणि ब्युरो. माणसांत मिसळून काम करणे तुम्हाला आवडत असेल आणि बदल्यांची तयारी असेल, तर ब्युरोत जा, कारण तुमच्या वयाला तो पर्याय फार काळ थांबणार नाही. पडद्यासमोर बसून एखाद्या घुसखोराचा माग काढण्यातच तुमचा जीव रमत असेल, तर पुण्यातच राहा आणि त्याबद्दल मुळीच अपराधी वाटून घेऊ नका. बँकेच्या लाखो खातेदारांचे पैसे वाचवणे हेही देशाचेच काम आहे. शंका असेल तर गेल्या चार वर्षांत कुठल्या दिवशी घरी जायचे भान राहिले नव्हते ते आठवा. त्या दिवशी तुम्ही कुणाशी बोलत होतात की संगणकातल्या नोंदी (लॉग) वाचत होतात, त्यातच उत्तर सापडेल.

नेमणुकीचे पत्र हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नका. निवड यादीनंतर चारित्र्य पडताळणी आणि वैद्यकीय तपासणी होते आणि त्यात महिने जातात. आमच्या गल्लीत एका मुलाच्या पडताळणीसाठी साध्या कपड्यांतले दोघे जण आले होते. त्यांनी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारले, “मुलगा कसा आहे?” दुकानदाराने काही न बोलता उधारीची वही उघडून पुढे केली. मुलाचे नाव होते, आकडा खोडलेला होता, बाजूला ‘मिळाले’ असे लिहिले होते. काम झाले. तुमच्याबद्दलही असेच कुणीतरी विचारून जाईल, तेव्हा निवडीची बातमी स्टेटसला लावण्याचा मोह आवरा आणि वडिलांनाही तालमीच्या कट्ट्यावर पेढे वाटू देऊ नका.

आईंच्या काळजीचे उत्तर सोपे आहे. ‘मुलगी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत नोकरीला आहे’ हे वाक्य शंभर टक्के खरे आहे आणि कोल्हापुरात त्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. विचारलाच, तर ‘कार्यालयीन काम’ म्हणावे आणि तांबडा-पांढरा वाढायला घ्यावा.

प्रश्न : मी ताराबाई पार्क येथे राहतो, वय ७४. मुलगा तीस वर्षांपासून अमेरिकेत असून नातू तिथेच जन्मलेला, तिथलाच नागरिक आहे. व्हर्जिनियात शिकतो. त्याला गुप्तवार्ता क्षेत्रात जायचे आहे. सरकारी संस्थेत जावे की कंत्राटदार कंपनीत, असा त्याचा प्रश्न आहे. मुलगा म्हणतो कंपनीत पैसे दुप्पट. आमच्याकडून त्याला काय सांगावे?

उत्तर : आपल्या नातवाचा प्रश्न वरच्या ताईंसारखा दिसत असला तरी तिथली जमीन वेगळी आहे. आपल्याकडे खासगी कंपनी गुप्तवार्ता यंत्रणेच्या उंबरठ्याबाहेर असते किंवा फार तर पडवीत बसते. अमेरिकेत ती माजघरापर्यंत गेलेली आहे. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०१० मध्ये दोन वर्षांच्या शोधानंतर जे आकडे छापले, त्यांप्रमाणे अतिगोपनीय कामाची परवानगी असलेल्या सुमारे ८ लाख ५४ हजार लोकांपैकी २ लाख ६५ हजार कंत्राटदार होते. सीआयएमध्ये नियमित कर्मचाऱ्याचे ओळखपत्र निळे आणि कंत्राटदाराचे हिरवे, असा भेद प्रसिद्ध आहे; दोघे शेजारी बसून तेच काम करतात.

तिथे दार दोन्ही बाजूंनी उघडते, म्हणून तिथला सल्ला उलटा होत नसला तरी सैल होतो. माणूस सरकारी नोकरीत शिरतो, पाच वर्षांनी कंपनीत जातो, मग परत येतो. याचा इतका सुळसुळाट झाला, की बाहेर पडून तेच काम दीडपट दराने जुन्या कार्यालयाला परत विकणाऱ्यांना आवर घालण्यासाठी सीआयएने २००७ मध्ये दीड वर्षाची आडकाठी घातली. या सगळ्या व्यवहारातले खरे चलन पगार नसून ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’, म्हणजे गोपनीय कामाची सरकारी परवानगी आहे. ती स्वतः अर्ज करून मिळत नाही. कुणीतरी नोकरी देणाऱ्याने पुढाकार घ्यावा लागतो आणि दोन वर्षे वापराविना राहिली की ती मावळते. सरकारी नोकरीत ती एका जागी स्थिर मिळते, शिवाय प्रशिक्षणही मिळते. कंपनी शिकवण्यावर फारसा खर्च करत नाही, कारण तिला तासाप्रमाणे बिल लावायचे असते. त्यामुळे पहिली पाच-सहा वर्षे सरकारात काढून मग पुढचे ठरवावे, असे मी नातवाला सांगेन.

‘दुप्पट’ हा शब्दही थोडा तपासून घ्यावा. अर्थसंकल्प मंजूर न झाल्याने तिथले सरकारी कामकाज २०१८-१९ मध्ये ३५ दिवस आणि २०२५ मध्ये ४३ दिवस ठप्प झाले होते. सरकारी कर्मचाऱ्यांना बुडालेला पगार मागाहून देण्याचा कायदा २०१९ मध्ये झाला. कंत्राटदारांच्या माणसांना तो लागू नाही. आणि २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने कागदपत्रे बाहेर काढली, तेव्हा तो एनएसएचा (अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचा) नव्हे, बूझ ॲलन हॅमिल्टन या कंत्राटदार कंपनीचा नोकर होता. त्यानंतर कंत्राटदारांवरची नजर तीव्र झाली. हिरवे ओळखपत्र म्हणजे मोकळीक, ही समजूत तेव्हाच संपली.

एक गोष्ट थेट आपल्याशी संबंधित आहे. क्लिअरन्सच्या लांबलचक अर्जात परदेशातले जवळचे नातलग आणि संपर्क लिहावे लागतात आणि त्यानंतरही परदेश प्रवास कळवावा लागतो. नातवाकडे भारताचे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असेल, तर तेही आपणहून सांगावे. आपल्या घरात लपवण्यासारखे काही नसणारच. पण तपासणी करणाऱ्यांना कोल्हापुरातले आजोबा खुपत नाहीत, न सांगितलेले आजोबा खुपतात. त्याने उद्या फोनवर कामाबद्दल बोलणे बंद केले, तर नातू दुरावला असे वाटून घेऊ नये. पंचगंगेला पूर किती आला, एवढे विचारायला तो नक्की फोन करील.

प्रश्न : मी पोलीस दलातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. कसबा बावड्यात राहतो. एलसीबी (स्थानिक गुन्हे शाखा) आणि गोपनीय मिळून अठरा वर्षे काढली. पुण्याची एक डिटेक्टिव्ह एजन्सी प्रत्येक केसमागे मानधन देऊन कोल्हापूर-सांगली भागाचे काम द्यायला तयार आहे. घ्यावे का?

उत्तर : फौजदारसाहेब, घ्या, पण तुमची सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट घरी ठेवून घ्या, आणि ती म्हणजे खात्यातली ओळख. एजन्सीला तुमची अठरा वर्षांची नजर हवी आहे असे ती म्हणेल. पुष्कळदा तिला तुमच्या फोनमधले नंबर हवे असतात. मोबाइलच्या कॉलचा तपशील, म्हणजे सीडीआर, बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात ठाणे पोलिसांनी २०१८ मध्ये खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. तुमचा जुना सहकारी मैत्रीखातर एखादा सीडीआर किंवा गाडीमालकाचा पत्ता काढून देईल आणि त्यात तो नोकरीतून जाईल, तुम्ही आरोपी व्हाल. एजन्सी मात्र करारातले ‘सर्व काम कायदेशीर मार्गानेच करण्यात येईल’ हे कलम दाखवून मोकळी होईल.

खासगी गुप्तहेरांसाठी परवान्याचा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. तसे विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत आले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. २००५ चा अधिनियम आहे, तो सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सींचा. तेव्हा एजन्सीने भिंतीवर लावलेले प्रमाणपत्र कितीही सोनेरी असले, तरी त्याने तुम्हाला कसलाही अधिकार मिळत नाही. विम्याच्या दाव्यांची चौकशी, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांसाठी नोकरीपूर्व पडताळणी, मालाची चोरी कुठून होते याचा शोध, ही कामे निर्धास्त घ्या. प्रत्येक केसचे काम काय, मर्यादा काय आणि खर्च कोणाचा, हे कागदावर घ्या.

लग्नाआधीच्या चौकशीची कामे सर्वांत जास्त येतील आणि तिथेच सर्वांत जास्त जपावे लागेल. शेजारपाजारी, नोकरीच्या ठिकाणी उघडपणे विचारपूस करणे वेगळे आणि मुलीच्या मागावर राहणे वेगळे. स्त्रीचा पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. गुन्हा रोखण्याची किंवा उघडकीस आणण्याची जबाबदारी राज्याने ज्याच्यावर सोपवली आहे, त्याला त्यात अपवाद आहे. निवृत्तीच्या दिवशी ओळखपत्र जमा केलेत, तेव्हा त्या अपवादातूनही तुम्ही बाहेर पडलात. उद्या एखाद्या बापाने मुलीच्या कॉलेजच्या फाटकावर आठवडाभर उभे राहायला सांगितले, तर ती केस त्याच दिवशी लेखी परत पाठवा आणि पत्राची प्रत स्वतःजवळ ठेवा.